कै. मोहऱ्या स्मृती शिष्यवृत्ती

ललिता ही दर्यापूरच्या पुंजाराम शिंप्याची मुलगी. मॅट्रिकला तिने विज्ञानात इतके चांगले गुण मिळवले, की अमरावतीच्या कॉलेजाने तिला पूर्ण नादारी दिली. नादारी म्हणजे कॉलेजची फी माफ आणि मुलींच्या वसतिगृहात दोन्ही वेळचे जेवण माफ. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा वर्षच झाले होते आणि दर्यापुरातून विज्ञान शिकायला अमरावतीला गेलेली मुलगी म्हणजे गावात बोलण्याचा विषय होता.

पुंजारामाने शिलाई मशीनचे चाक हाताने थांबवले आणि एवढेच सांगितले, "जेवण फुकट हाय तोवर शिक. ज्या दिवशी ताटाचे पैसे मांगतीन, त्या दिवशी मोटारीत बस अन् घरी ये. इथी काज-बटनाले माणूस पायजेच हाय मले."

ललिताला काज-बटनांचा कंटाळा नव्हता. पण पहिल्याच आठवड्यात तिने प्रयोगशाळेत मोरचुदाचा निळा खडा तापवून पांढरा केला होता आणि वर पाण्याचा एक थेंब सोडून तो पुन्हा निळा केला होता. तेव्हापासून तिला घरी जाऊन बटने लावायची नव्हती. निळ्याचे पांढरे का होते हे अजून नीट समजायचे होते.

सगळे सुरळीत चालले असते. पण देवमन गुरुजी होते.

देवमन गुरुजींनी ललिताला शाळेत शिकवले होते. आता ते निवृत्त झाले होते आणि लोक मुलींसाठी जशी स्थळे शोधतात तसे ते मुलांसाठी शिष्यवृत्त्या शोधत. कुठे कोणाच्या स्मरणार्थ काही निघाले की गुरुजींना त्याचा वास येई. ललिताला नादारी मिळाल्याचे कळल्यावर ते म्हणाले, "उत्तम. आता वरून एक शिष्यवृत्ती आणू."

"गुरुजी, जेवण माफ हाय, फी माफ हाय. अजून कायले?"

"अगं, असलेलं असू दे. वरून अजून आलं तर बिघडलं काय?"

बिघडायचे ते याच वाक्यात बिघडले होते, पण त्या दिवशी ते दोघांनाही दिसले नाही.

शिष्यवृत्ती अकोल्याची होती. तिथल्या खुशालराव पाटलांनी ती नव्यानेच काढली होती आणि तिचे नाव होते 'कै. मोहऱ्या स्मृती शिष्यवृत्ती'. गुरुजींनी अंदाज केला की पाटलांचा कोणी तरुण मुलगा गेला असावा. श्रावणातल्या एका सकाळी ते ललिताला घेऊन मूर्तिजापूरमार्गे अकोल्याला पोचले आणि पाटलांच्या ओसरीवर बसून, पागोटे मांडीवर ठेवून, हलक्या आवाजात म्हणाले, "फार वाईट झालं, पाटील. वय तरी काय होतं!"

"सतरा," खुशालराव म्हणाले.

"अरेरे. म्हणजे हिच्याच वयाचा."

"दात पडले व्हते बिचाऱ्याचे. शेवटी शेवटी कडबासुदा कुट्टी करून द्या लागे."

गुरुजींनी वर पाहिले. भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो होता. फोटोत एक पांढरा बैल होता. शिंगांना रंग, गळ्यात घुंगुरमाळ, आणि पाहणाऱ्याला आपणच बाजारात नापास झालेले जनावर आहोत असे वाटावे अशी नजर.

मोहऱ्या हा खुशालरावांचा शंकरपटातला बैल. वऱ्हाडात बैलांच्या शर्यतींना शंकरपट म्हणतात, आणि मोहऱ्याने म्हणे इतके पट जिंकले होते, की तो नुसता जुंपलेला पाहून समोरचे बैल मान खाली घालत. तो गेल्यावर पाटलांनी त्याचा तेरावा केला, गाव जेवू घातले, आणि तरी मन भरेना म्हणून शिष्यवृत्ती काढली.

"पण पाटील, बैलाच्या नावानं शिक्षणाला मदत?" गुरुजी चाचरत म्हणाले.

"मंग कायच्या नावानं देऊ? माह्या घरात सरळ रेघेत चालणारा थो एकच व्हता."

खुशालराव उठले. जनावर पारखण्यात त्यांची उभी हयात गेली होती आणि जगात पारखण्याची दुसरी कोणती पद्धत असेल असे त्यांना कधी वाटले नव्हते.

"पोरी, त्या निंबापासून विहिरीपर्यंत चालून दाखव."

ललिता चालली.

"पाय सरळ पडते," ते गुरुजींना म्हणाले. "माय कशी हाय हिची?"

"कामाची आहे."

"मंग हेबी कामाची निघन. माय पाहून गोऱ्हा घ्यावा. मधातच बसते का?"

"कुठे?"

"कामात हो, मास्तर! नांगराच्या अर्ध्या तासात गेल्यावर खाली बसते का?"

"नाही, नाही. पाटील, तुम्ही मॅट्रिकचे मार्क तरी पाहा."

"मार्क तुमी पाहा, तुमी मास्तर हा. मी चाल पाहतो."

ललिताला हसू आवरत नव्हते. ओसरीच्या दारात उभ्या असलेल्या मनकर्णाबाईंनी, म्हणजे पाटलिणबाईंनी, तिला डोळ्यांनीच खुणावले, की बाई, हसू नको, याले पटलं म्हणजे पटलं.

पाटलांना पटले. आता रक्कम ठरायची होती. खुशालरावांनी खांद्यावरचे उपरणे काढून पुढे धरले. गुरुजी बघत राहिले.

"घाला हात," पाटील म्हणाले.

गुरांच्या बाजारात सौदा तोंडाने होत नाही. घेणारा आणि देणारा उपरण्याखाली हात घालतात, बोटे दाबून आकडा सांगतात, आणि जे ठरते ते त्या दोघांतच राहते. ते बाहेर कोणाला सांगणे म्हणजे शब्द मोडणे. देवमन गुरुजींनी जन्मात बैल घेतला नव्हता, पण वऱ्हाडात वाढलेल्या माणसाला बोटांची भाषा येत नाही असे होत नाही. त्यांनी हात घातला. उपरणे थोडे हलले. गुरुजींच्या कपाळावर आठी आली, गेली, पुन्हा आली. मग दोघांनी टाळी दिली.

"झालं," पाटील म्हणाले. "सालदाराचं साल पाडव्याले सुरू होते, तसंच हिचं. पाडव्याले येऊन घेऊन जाजो."

परतीच्या मोटारीत ललिताने विचारले, "किती ठरले गुरुजी?"

"सांगता येत नाही, पोरी."

"मलेबी?"

"उपरण्याखालची गोष्ट आहे."

आठ दिवसांनी अकोल्याहून एक माणूस मोठी चौकट कापडात गुंडाळून वसतिगृहात आला. खुशालरावांनी मोहऱ्याच्या फोटोची दुसरी प्रत पाठवली होती. मुलगी जेवायला बसली की समोर तो दिसावा, एवढीच त्यांची इच्छा होती. वसतिगृहाच्या व्यवस्थापक आशाबाई स्वभावाने नियमाच्या. आलेली वस्तू नाकारायचा नियम नव्हता म्हणून त्यांनी फोटो भोजनगृहात लावला, आणि मुलीला बाहेरून मदत मिळाल्यास कळवायचे असा नियम होता म्हणून नादारी समितीला कळवले.

समितीचे चिटणीस भगवंतराव हे गणिताचे प्राध्यापक आणि सज्जन गृहस्थ होते. त्यांनी ललिताला बोलावून खुर्चीवर बसवले आणि वर्गात समजावतात तसे समजावले.

"हे बघ, बाळ. वरणाचं पातेलं एकच आहे. एका ताटात दोनदा वरण पडलं, तर ओळीच्या शेवटच्या मुलीच्या ताटात काय पडेल?"

"काहीच नाही."

"म्हणून नियम असा, की फी आणि जेवण यांसाठी बाहेरून जेवढी मदत मिळेल, तेवढी नादारीतून वजा करायची. उरलेलं दुसऱ्या मुलीला. पटतं का?"

ललिताला खरोखरच पटले. "मग करा वजा, सर."

"किती?"

"मले माहीत नाही."

भगवंतरावांनी चष्मा काढला. आयुष्यभर त्यांनी अज्ञात राशी शोधल्या होत्या, पण त्या शोधायला निदान एखादे समीकरण तरी असे. त्यांनी देवमन गुरुजींना बोलावून घेतले. गुरुजी आले, पाणी प्याले आणि म्हणाले, "सांगता येत नाही."

"अहो, एका मुलीच्या जेवणाचा प्रश्न आहे."

"आणि माझ्या शब्दाचा. चाळीस वर्षं मुलांना सांगत आलो की शब्द पाळा. आता म्हातारपणी मीच मोडू?"

समितीने दोन बैठका घेतल्या. रक्कम माहीत नाही, म्हणजे ती शून्य असू शकते. पण ती सगळ्या नादारीएवढीही असू शकते. सावधपणाचा भाग म्हणून समितीने ती सगळ्या नादारीएवढी धरली. आकडा कळेपर्यंत नादारी थांबवायची आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून ताटाचे पैसे घ्यायचे, असे ठरले.

"पण सर, मदत तं पाडव्याले मिळणार," ललिता म्हणाली. "आता श्रावण चालू हाय. तोवर मी खाऊ काय?"

"त्याचा नियम नाही," समितीचे कारकून देवीदास हळहळून म्हणाले.

म्हणजे जे अजून हातात आले नव्हते आणि किती ते कोणाला ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी हातातले ताट जाणार होते. मोहऱ्या भोजनगृहाच्या भिंतीवरून शांतपणे पाहत होता. ललिताने त्याच्याकडे पाठ करून भाकर खाल्ली आणि दुसऱ्याच दिवशी गुरुजींना घेऊन अकोला गाठले.

"पाटील, मले शिष्यवृत्ती नको," ती ओसरीवर पाय ठेवताच म्हणाली.

खुशालरावांचा चेहरा असा झाला, जणू कोणी मोहऱ्याला लाथ मारली. "सौदा मोडाचा? काहून?"

तिने सगळे सांगितले. पाटलांनी ऐकले, पण त्यांच्या डोक्यात ते बसेना. "मी द्याले तयार हाय, अन् मी देऊन राहिलो म्हणून ते बंद करून राहिले? हा कोणता न्याव?"

"पातेलं एकच हाय ना," ललिता म्हणाली.

"मंग मोठं पातेलं घ्या म्हणा! आपला सौदा मोडत नाई. टाळी झाली. खोड निघाल्याबिगर जनावर वापस होत नाई."

ललिताने क्षणभर विचार केला. "मंग माह्यात खोड हाय."

"कोणती?"

ती अंगणाच्या मधोमध गेली आणि मांडी घालून खाली बसली. "मी बसकी हाय."

अर्ध्या तासात, म्हणजे नांगराच्या अर्ध्या सरीत, खाली बसणारा बैल म्हणजे शेतकऱ्याच्या जिवाला सर्वांत मोठा घोर. मारका परवडतो, बसका परवडत नाही.

"अगं ऊठ ललिता, लोक पाहतात," गुरुजी कुजबुजले.

"बसक्या जनावराले लोकाची लाज नसते, गुरुजी."

खुशालरावांनी तिच्याभोवती एक फेरी मारली. जिभेने चुचकारले. "हैक" केले. ललिता हलली नाही. दुपार कलली तरी ती बसलेलीच. गुरुजींनी ओसरीवर दोनदा डोळा मिटून घेतला. शेवटी मनकर्णाबाई घरातून बाहेर आल्या आणि त्यांनी ललितापुढे भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा ठेवला.

"खा माय. बसाले काई उपास लागत नाई."

ललिता सकाळपासून उपाशी होती. तिने भाकरीचा तुकडा मोडला. खुशालराव खाली वाकून पाहू लागले. ती दुसरी भाकर घेईपर्यंत त्यांनी वाट पाहिली आणि मग आनंदाने मांडीवर थाप मारली.

"हे बसकी नाई! बसका बैल चाऱ्याकडे पाहत नाई. हे त कशी खाऊन राहिली! जनावर उपाशी हाय, म्हणून बसलं. मास्तर, अमरावतीवाले पोटाले देत नाई हिले. चारा वाढवा लागते."

"नको, पाटील!" ललिता तोंडात घास असतानाच ओरडली.

पण पाटलांनी उपरणे काढले होते आणि गुरुजींचा हात, बिचाऱ्या गुरुजींच्या इच्छेविरुद्ध म्हणा किंवा सवयीने म्हणा, खाली गेला होता. टाळी झाली. जी रक्कम कोणाला माहीत नव्हती ती आता वाढली होती, आणि कितीने वाढली हेही कोणाला माहीत नव्हते.

गुरुजींनी हे अमरावतीला कळवले तेव्हा भगवंतरावांनी कागदावरचा क्ष खोडून तिथे क्ष अधिक य लिहिले.

महिना संपत आला. पुंजारामाच्या कानावर गोष्ट गेली होती आणि तो मुलीला न्यायला एक तारखेला येणार होता. पोळाही जवळ आला होता. अशात मनकर्णाबाईंनी नवऱ्याला काय ऐकवले कोण जाणे, पण समितीच्या शेवटच्या बैठकीला खुशालराव पाटील स्वतः हजर झाले. कोट, पागोटे, खांद्यावर तेच उपरणे. एका बाजूला देवमन गुरुजी, दुसऱ्या बाजूला आशाबाई, समोर भगवंतराव, आणि कोपऱ्यात दौत-टाक घेऊन देवीदास. ललिता दाराजवळ उभी होती.

"पाटील, आकडा फक्त मला सांगा," भगवंतराव म्हणाले. "कानात सांगा."

"कानातला आकडा तोंडात येते."

"मग..." भगवंतरावांनी इकडे तिकडे पाहिले. ते गणिताचे प्राध्यापक असले तरी बापाचे वावर, म्हणजे शेत, होते आणि लहानपणी ते बापाबरोबर गुरांच्या बाजारात गेले होते. "मग उपरण्याखाली सांगता?"

खुशालरावांचा चेहरा उजळला. त्यांनी उपरणे पसरले. भगवंतरावांनी कोटाची बाही वर सारून हात आत घातला.

उपरण्याखाली दोन उंदीर भांडावेत तसे कापड हलू लागले. भगवंतरावांनी मान हलवली, म्हणजे नाही. पाटलांनी हलवली, म्हणजे मुळीच नाही. भगवंतरावांचे डोळे बारीक झाले. त्यांचा श्वास भरभर चालू लागला. आशाबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा चिटणिसांच्या चेहऱ्यावर रंग चढलेला पाहिला. देवीदासांचा टाक दौतीतच राहिला. एकदा तर भगवंतराव रागाने हात काढायला निघाले, पण पाटलांनी धरून ठेवला. मग आतच काही तरी जुळले आणि दोघांनी खणखणीत टाळी दिली.

"झालं!" पाटील म्हणाले.

"कळला का आकडा?" आशाबाईंनी विचारले.

भगवंतरावांनी स्वतःच्या हाताकडे पाहिले. "नाही," ते सावकाश म्हणाले. "मी एक गोऱ्हा घेतला."

"काय?"

"उपरण्याखाली नुसता आकडा सांगता येत नाही, बाई. तिथं सौदाच होतो. हात आत गेला आणि... गोऱ्हा चांगला आहे म्हणतात. मोहऱ्याच्या वंशातला."

"सर, तुम्ही तर भाड्याच्या दोन खोल्यांत राहता," देवीदास म्हणाले. "केवढ्याला घेतला?"

"ते सांगता येत नाही," भगवंतराव म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आले की देवमन गुरुजी इतके दिवस काय सांगत होते. त्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी समजुतीने मान हलवली.

पण यातून ललिताचे काही झाले नव्हते. देवीदासांनी टाक उचलला आणि मागच्या बैठकीचाच ठराव पुन्हा लिहायला घेतला. ललिताला वाटले, आता बोलले नाही तर मोटार दर्यापूरचीच.

"सर, एक विचारू का? नादारीत काय काय येते?"

"सांगितलं ना. फी आणि दोन वेळचं जेवण."

"अन् काय येत नाही?"

भगवंतराव थांबले. इतक्या वर्षांत हे कोणी विचारले नव्हते. मुली काय मिळते ते विचारत आणि आनंदाने किंवा रडत जात.

"पुस्तकं येत नाहीत," ते आठवून म्हणाले. "प्रयोगशाळेचा कोट येत नाही. फुटलेल्या काचसामानाची भरपाई येत नाही."

"सुटीत घरी जायचं भाडं येत नाही," आशाबाई म्हणाल्या. "डोक्याचं तेल येत नाही."

"मंग हे सारं मले दुसऱ्या कोणी देलं, तं नादारीतून काय वजा कराल?"

भगवंतरावांनी तोंड उघडले, मिटले, आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर उदाहरण सुटल्यावर येते तसे काही तरी आले. "जे आम्ही देतच नाही, त्यातून वजा काय करणार? शून्य. रक्कम कितीही असो, शून्यच!"

"म्हणजे आकडा माहीत असायची गरजच नाही?" आशाबाई म्हणाल्या.

"गरजच नाही!"

आता पाटील उरले. पाटलांना पुस्तक, भाडे आणि भरपाई यांतले काही समजले नव्हते. त्यांना एवढेच दिसत होते की त्यांच्या जनावराचा चारा दुसरे कोणी ठरवत आहे. ललिता त्यांच्याकडे वळली.

"पाटील, तुमचा बैल दुसऱ्याच्या वावरात राबाले गेला, तं त्या दिवसाचा चारा कोणाचा?"

"ज्याच्या वावरात राबते त्याचा. हे काय इचारनं झालं?"

"अन् त्याची पोळ्याची झूल?"

खुशालराव खुर्चीतून अर्धे उठले. "झूल मालकाची! झूल, माठुटी, घुंगुरमाळ, सारा साज मालकाचा. पोळ्याले माह्या बैलाच्या अंगावर दुसऱ्याची झूल पडली, तं मी तोंड कोठी दाखवू?"

"मंग सध्या मी यांच्या वावरात राबून राहिली ना, पाटील."

पाटील पुन्हा बसले. ते भगवंतरावांकडे बघत राहिले, मग ललिताकडे, मग आपल्या दोन्ही तळहातांकडे.

"चारा तुमचा," खुशालराव शेवटी भगवंतरावांना म्हणाले. "झूल माही."

"मंजूर," भगवंतराव म्हणाले. "देवीदास, लिहा. नादारी पूर्ववत."

"आणि शिष्यवृत्तीची रक्कम?"

"पोळ्याच्या दिवशी झुलीची किंमत इचारत असतेत का रे?" पाटील कडाडले, आणि देवीदासांनी ती ओळ मोकळी सोडली.

साज पोळ्यालाच द्यायचा असतो, पाडव्याला नाही. त्यामुळे पाटलांनी वाट पाहिली नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी अकोल्याहून तीन दिवस चाललेली एक बैलगाडी घुंगरू वाजवत वसतिगृहाच्या फाटकाशी उभी राहिली. गाडीत काठोकाठ कापूस भरला होता. गाडीवाल्याने निरोप सांगितला, की पाटलांनी प्रयोगशाळेत काय काय फुटते याची चौकशी केली, ते सगळे मुंबईच्या मालाच्या दुकानातून आणवले, आणि वाटेत फुटू नये म्हणून जरासा कापूस घातला आहे.

मुली गाडीवर तुटून पडल्या. दोन तास कापूस उपसल्यावर तळाशी बारा परीक्षानळ्या, एक चंचुपात्र आणि मनकर्णाबाईंनी कापडात गुंडाळून दिलेला ठेचा सापडला. परीक्षानळी एकही फुटली नव्हती. पण कापूस आता अंगणात होता, जिन्यावर होता, मुलींच्या वेण्यांत होता आणि वाऱ्याने स्वयंपाकघरातही शिरला होता. भोजनगृहातला मोहऱ्या पांढऱ्या दाढीचा दिसत होता.

एवढ्यात देवीदास धापा टाकत आले. त्यांच्यामागून भगवंतराव आले. गोऱ्ह्याला बांधायला त्यांनी अजून जागा शोधली नव्हती आणि त्यांच्या हातात त्याची दोरी होती.

"सर, हा कापूस," देवीदास म्हणाले. "एवढा कापूस म्हणजे बाहेरची मदत झाली. नादारीतून वजा करायचा का?"

भगवंतरावांनी ललिताकडे पाहिले. ललिताने आशाबाईंकडे पाहिले. आशाबाई वरणाच्या पातेल्यातून कापसाचे पुंजके झाऱ्याने काढत होत्या.

"बाई, कापूस ताटात वाढता येते का?" ललिताने विचारले.

आशाबाईंनी झाऱ्यावरचा एक पुंजका उजेडात धरून नीट पाहिला.

"एरवी नाही," त्या म्हणाल्या. "आज सांगता येत नाही."

देवीदासांनी 'वजा करता येत नाही' असे लिहून घेतले. जेवणाची घंटा झाली. ललिताने परीक्षानळ्या खिडकीत ओळीने उभ्या केल्या, वेणीतला कापूस झटकला आणि ताट घेऊन ओळीत उभी राहिली.